उजव्या कानाशी बोललेलं

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार. इंदूर

प्रेमलता पुन्हा पडली! ओट्यापासून वळली आणि गेली ती सरळ तांदळाच्या पिंपावर. लेक शालिनी कॉलेजातून यायची होती, म्हणून मीच उठवलं. फारसं लागलं नाही. मी म्हणालो, "बघून चालत जा." तर म्हणे, "बघूनच चालत होते. जमीन हलली." आख्ख्या राजेंद्रनगरात आमच्याच स्वयंपाकघरातली जमीन तेवढी हलते.

महिन्यातली तिसरी वेळ. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, ही चक्कर कानातली आहे, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. उद्या नेतो. अर्धी रजा जाणार. पोलोग्राउंडच्या ऑफिसात माझ्यासारखा हेडक्लार्कच जागेवर नसला की बाकीच्यांना रान मोकळं.

१३ फेब्रुवारी

रघुवीर डॉक्टरांकडे जाऊन आलो. आधी लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कानांशी धरला, मग डोक्यावर टेकवला. मग तिला विचारलं, "बाईजी, इधर से कब से नहीं सुनाई देता?" ती "तसं—" एवढं म्हणाली असेल-नसेल, मी सांगितलं, "सात-आठ साल हो गए डॉक्टर साहब. ये कान तो बिलकुल ठप है." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आमच्याकडे हे असंच. दवाखान्यात दुखणं तिचं, बोलणं माझं. नानासाहेबही आईचं दुखणं स्वतःच सांगायचे. वडिलांचं तेवढं बरोबर उचललं मी.

मग दोन्ही कानांत एकेक करून बर्फाचं पाणी घातलं. डाव्या कानात घातल्यावर तिला गरगरलं, उलटी झाली. उजव्यात घातलं तर काहीच नाही, जणू भिंतीवर पाणी मारलं. डॉक्टरांनी हात पुसले. मला बाहेर बोलावून म्हणाले, आतल्या कानाच्या नसेवर गाठ असू शकते. कॅन्सर नाही, "घबराओ मत भियाजी", पण ती मेंदूकडे वाढते. फोटो काढा, आणि बंबईला दाखवा.

स्कूटरवर ती मागून म्हणाली, "तुम्ही सात-आठ वर्षं का म्हणालात?"

"मग किती?"

ती म्हणाली, "असेल."

१४ फेब्रुवारी

गाठ. दिवसभर ऑफिसात हाच शब्द. दोन पत्रांवर चुकीची तारीख घातली.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज शालिनीनं विचारलं, "बाबा, तुम्ही आईच्या त्या बाजूला बसून काय पुटपुटत असता?" मी म्हटलं स्तोत्र. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

इथं लिहायला हरकत नाही, इथं कोण बघतंय. तिचा कान सात-आठ वर्षांपासून गेलाय हे मला ठाऊक, ते असं. या घरात आलो तेव्हा एकदा जेवताना भाजी खारट झाली होती. ती माझ्या डाव्या अंगाला बसलेली. मी तिच्या माहेरच्यांच्या नावानं तोंडातल्या तोंडात म्हणालो— धारच्या बावळटांनी ही गळ्यात बांधली. ती वळली नाही. वाढत राहिली. मला वाटलं, अरे, हिला इकडून ऐकू येत नाही! आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोकळं वाटलं.

तेव्हापासून सवयच लागली. बायकोनं डाव्या अंगाला निजावं ही रीत, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसते, तेव्हाही उजवाच कान माझ्या पाठीशी. ऑफिसात बढती हुकली, बोललो तिच्या उजव्या कानाशी. साहेबांनी झापलं, तिच्या उजव्या कानाशी. लोक देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मी तिथं.

पण गाऱ्हाणीच होती का नुसती? नाही. साडी नेसून निघाली की— नटून काय उजेड पडणार आहे. पाहुण्यांत बोलली की— झाला हिचा मूर्खपणा सुरू. आणि एक मला फार आवडायचं, म्हणजे जमून आलेलं वाक्य वाटायचं— तू मेलीस तरी या घरात दोन दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही. किती वेळा म्हणालो असेन! पाणी उशिरा आणलं तरी म्हणालो आहे.

तोंडावर कधीच नाही हं. तोंडावर मी सभ्य माणूस. चारचौघांत "अहो प्रेमलताबाई" म्हणून थट्टा करणारा. सगळी कॉलनी म्हणते, अच्युतरावांसारखा नवरा नाही.

लाज वाटते. लिहिल्यावर जास्त वाटते. मनात होतं तोवर एवढं वाईट दिसत नव्हतं.

२६ फेब्रुवारी

इथले फोटो झाले, नीट कळत नाही म्हणाले. मेहुण्याला, लक्ष्मीकांतला, मुंबईला तार केली होती, त्याचं उत्तर आलं. डॉ. सबनीस म्हणून आहेत, परदेशातून शिकून आलेत, मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करतात. पुढच्या सोमवारची वेळ मिळाली.

आठवडाभर मी काही पुटपुटलेलो नाही. एक अक्षर नाही. आज निजताना ती म्हणाली, "तब्येत ठीक नाहीए का तुमची? गुमसुम झालात एकदम."

मी म्हटलं, नाही, थकलोय. दिवा घालवल्यावर विचार आला— गुमसुम झालो हे हिला कसं कळलं? एरवी मी बोलत असतो हे हिला माहीत असल्याशिवाय? मग मनाला समजावलं की तिच्या काळजीनं माझा चेहराच उतरलाय, तो दिसला असेल.

५ मार्च, सोमवार. मुंबई

खंडव्याला गाडी बदलताना प्लॅटफॉर्मवर तिचा तोल गेला. हमालानं धरलं. मी सामान मोजत होतो.

सबनीस माझ्याहून लहान दिसतात. बोलणं स्वच्छ. त्यांनी तिला समोर बसवून, कागदावर कान काढून समजावलं. मला नाही, तिला. गाठ काढावी लागेलच, म्हणाले. प्रश्न आहे कान वाचतो का हा. आणि ते आधीच थोडंफार सांगता येतं. गाठ केवढी आहे ते बघायचं. कान अजून किती ऐकतो ते बघायचं. आणि नुसता आवाज ऐकतो की शब्दही कळतात, तेही. आधी जेवढं शिल्लक, तेवढ्यावरच नंतरची आशा.

"गाठ लहान आणि कान चांगला असला, तर मी ऐकण्याची नस सोडवून ठेवायचा प्रयत्न करतो. सगळ्यांची वाचत नाही. निम्म्या लोकांची वाचली तरी मी खूष असतो. पण कानात काही उरलंच नसेल, तर मग नस ठेवून उपयोग नाही. गाठीबरोबर ती जाऊ द्यायची. ऑपरेशन सोपं होतं."

तिनं विचारलं, "म्हणजे आत्ता किती ऐकू येतं, त्यावरून तुम्ही ठरवणार?"

"हो, त्यावरूनच."

तिनं मान हलवली. शाळेतल्या मुलीसारखं लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं होतं हिला काय कळणार. हेही वाटलंच, अजूनही वाटतं. सुधारणा शून्य.

मग तपासणी. काचेची खोली, तिच्या कानांवर मशीनचे ते काळे गोळे. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. डावा कान— पटापट दाबत होती, किती बारीक आवाज असेल कोण जाणे. उजवा कान सुरू झाला आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मशीनवरची बाई आवाज वाढवत होती, वाढवत होती. शेवटी अगदी शेवटच्या आवाजांना एक-दोनदा दाबलं. शब्द ऐकवले, तर एकही सांगितला नाही.

मला काय वाटलं? हुश्श वाटलं. बायकोचा कान गेलेला बघून नवऱ्याला हुश्श!

७ मार्च

पाठीतून औषध सोडून फोटो काढले. गाठ आहे. हरभऱ्याएवढी. लक्ष्मीकांत रडला, ती नाही.

सबनीस फोटो आणि तपासणीचा कागद शेजारी शेजारी धरून बघत होते. म्हणाले, "जमत नाही हे. एवढीशी गाठ, आणि कान एवढा गेलेला? होतं असं कधी कधी, पण मला इथं बरंच शिल्लक असेल असं वाटलं होतं." मग तिला विचारलं, "नक्की कधीपासून ऐकू येत नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सात-आठ वर्षं झाली, डॉक्टर."

"अच्छा. म्हणजे गाठीच्या आधीचंच काही असेल." त्यांची शंका फिटली. पेनाचं टोपण लावलं. कान वाचवायचा प्रश्न नाही, शनिवारी ऑपरेशन.

८ मार्च



सकाळी सबनीस राऊंडला आले. मी बाहेर चहाला गेलो होतो, जिन्यात भेटले. हसत म्हणाले, "तुमच्या मिसेस मोठ्या विनोदी आहेत हं. मी म्हटलं ऑपरेशनची भीती वाटते का. तर म्हणाल्या, छे, मी मेले तरी घरात दोन दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही!"

ते हसत वर गेले. 

माझं वाक्य. दोन दिवससुद्धा माझे. तीन नाही, चार नाही.

ऐकू येतंय तिला. म्हणजे येत होतं. भाजी खारट झाली त्या दिवसापासून सगळं येत होतं, आणि ती वाढत राहिली. आणि मी डॉक्टरांना सांगितलं सात-आठ वर्षं! माझ्या शब्दावर ते उद्या तिची नस कापतील— उद्या नाही, परवा.

मग मशीनवर ऐकू का आलं नाही? घाबरली असेल. गाठीमुळे आता खरंच गेलं असेल. मला काय कळतं.

डॉक्टरांना सांगायला पाहिजे. पण ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मग काय सांगू? संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. लक्ष्मीकांत बरोबर आला, "काय विचारायचंय भाऊजी?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, रक्ताच्या बाटल्यांचं. परत आलो. तिच्या भावासमोर कसा बोलणार होतो? आणि भाऊ नसता तर बोललो असतो का? थू आहे माझ्यावर. बायकोच्या कानापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटते.

९ मार्च

सांगितलं.

सकाळी लक्ष्मीकांत यायच्या आधी गेलो. खोलीत एक शिकाऊ डॉक्टरही होता, त्याला बाहेर पाठवा म्हणायचं धैर्य झालं नाही. मराठीत जीभ उचलेना, तेव्हा इंग्रजीत बोललो, रजेचा अर्ज लिहावा तसं. आय हॅव बीन स्पीकिंग टु हर, सर, ऑन दॅट साइड. नॉट व्हेरी नाइस थिंग्ज. आय बिलीव्ह शी हॅज हर्ड.

सबनीस म्हणाले, "मराठीत सांगा. काय बोलायचात?"

सांगावं लागलं. ते कालचं वाक्यही माझंच, हेही. शिकाऊ डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागला.  सबनीस एवढंच म्हणाले, "काल मी हसलो होतो." आणि लगेच उठले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिला पुन्हा काचेच्या खोलीत नेलं. या वेळी डाव्या कानात खडखड आवाज करणारं यंत्र लावलं, म्हणजे तिकडून काही ऐकू येऊ नये. सबनीस स्वतः तिच्या उजव्या बाजूला उभे राहून तोंडासमोर कागद धरून बोलत होते. पाणी. पाटी. मोगरा. ती समोर बघत बसली होती. मग यंत्र काढून, समोर बसून त्यांनी सरळ विचारलं, "प्रेमलताबाई, जरासुद्धा येत असेल तर सांगा. मी वेगळ्या रीतीनं करीन, कान वाचवायला बघेन. वेळ जास्त लागेल, त्याची काळजी करू नका."

ती म्हणाली, "नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

सबनीस बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ऑपरेशनच्या आधी घरच्यांच्या मनात असं काहीबाही येतं. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ऐकू येत नव्हतं! कधीच आलं नव्हतं! आणि ते वाक्य? असं काय, कुणीही बोलतं. शेजारच्या प्रभावतीबाईसुद्धा म्हणत असतील. मी खाली जाऊन मिसळ खाल्ली, वर आणखी पाव मागवला. चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. खाऊन झाल्यावर लक्षात आलं की उद्या हिचं डोकं उघडणार आहेत आणि मी रस्सा परत मागितला.

१० मार्च, शनिवार

सकाळी नेली. दिवे लागल्यावर आणली. आहे. श्वास चालू आहे. बाकी काही लिहवत नाही.

१४ मार्च

तोंडाची उजवी बाजू थोडी सैल पडल्यासारखी दिसते. चेहऱ्याची नस वाचली आहे, हळूहळू सुधारेल म्हणाले. गाठ पूर्ण निघाली. कानाची तपासणी झाली— उजवा कान आता काहीच ऐकत नाही. "अपेक्षेप्रमाणे," असं कागदावर लिहिलंय. अपेक्षा कुणाची, ते नाही लिहिलं.

स्टूल डावीकडे घेऊन बसतो. मोसंबीचा रस पाजताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो, तो पुसतो. तिनं एकदा माझा हात बाजूला केला आणि स्वतः पुसलं. राग नव्हता. आपला हात आपल्याला चालवता येतो, एवढंच.

२३ मार्च, शुक्रवार

रंगपंचमी. तिकडे इंदुरात राजवाड्यावर गेर, रंगाची मिरवणूक, निघाली असेल. शालिनीनं ट्रंककॉल केला. प्रेमलतानं रिसीव्हर डाव्या कानाला लावला आणि बोलता बोलता हसली, वाकड्या तोंडानं. मी किती दिवसांनी बघितलं तिला हसताना. महिने म्हणू की वर्षं, हेही ठाऊक नाही मला.

८ एप्रिल, रविवार. इंदूर

घरी येऊन आठवडा झाला. पलंग फिरवून घेतला. रीत गेली चुलीत, आता मी तिच्या डाव्या हाताला निजतो. जेवतानाही डावीकडे. जे बोलायचं ते चांगल्या कानात, आणि चांगलंच बोलायचं, असं ठरवलंय. "आज रंग छान दिसतोय तुझ्या साडीचा." "कैरीची चटणी एकदम फर्स्टक्लास." ती ऐकते. "हं" म्हणते.

प्रभावतीबाई विचारपूस करायला आल्या. म्हणाल्या, "वहिनी, मानना पडेगा हं. भाऊजी तुमची इतकी सेवा करतात! आमचे हे तर पाणीसुद्धा विचारणार नाहीत." मी नको-नको म्हणत राहिलो आणि ऐकतही राहिलो. प्रेमलता तिकडे बडीशेपेचा डबा शोधत होती. गोड वाटलं मला, अजूनही! या जिभेला आणि या कानांना लाज म्हणून नाही.

११ एप्रिल

तिची माफी मागावीशी वाटते. आज दोनदा तोंडापर्यंत आली. पण मागू कशाची? जे तिनं ऐकलंच नाही, ते आता मुद्दाम सांगायचं? सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं होईल तिला, सगळंच्या सगळं. म्हणजे स्वतःला हलकं वाटावं म्हणून तिला पुन्हा दुखवायचं.

गप्प बसणं हाच शहाणपणा, असं मन म्हणतं. माझं मन नेहमी माझ्या सोयीचंच म्हणतं, म्हणून भरवसा वाटत नाही.

१५ एप्रिल, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर सांगून टाकलं. ती नुकती पलंगावर टेकली होती. डावीकडून म्हणालो, त्या बाजूला मी वर्षानुवर्षं काहीबाही बोलायचो.

ती म्हणाली, "माहीत आहे. सगळं ऐकू यायचं."

मग छताकडे बघत— "बंबईलाही येत होतं. दोन्ही खेपेला. मोगरा म्हणाले डॉक्टर, तेही आलं. बचाने को तैयार थे बिचारे. मीच म्हटलं, जाऊ दे."

मी माफी मागायला लागलो. ती माझ्याकडे तोंड करून कुशीवर वळली, डोळे उघडे ठेवून, आणि डावा कान उशीत दाबला. मी बोलतच होतो.